कोऱ्या नळीचा हक्क

"फुंक," असं म्हणून हवालदार सर्जेरावानं ते काळं यंत्र मच्छिंद्रच्या तोंडापाशी आणलं, आणि यंत्राच्या टोकाला बसवलेल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळीवर मच्छिंद्रला गुलाबी ओठ दिसले. माणूस नाही, नुसते ओठ. धुळवडीचा रंग थोबाडाला फासलेला कुणी गडी मघाशीच इथं फुंकून गेला होता आणि जाताना आपला ठसा मागं ठेवून गेला होता. ठशाच्या आत, नळीच्या पोटात, थुंकीचा एक बारीक थेंब उन्हात चमकत होता आणि त्याच्या मागं दुसरा, तो बहुधा आधीच्या गिऱ्हाइकाचा. सर्जेरावानं नळी आपल्या खाकी पँटीवर, मांडीपाशी, उलटसुलट पुसली. पँटीचा तेवढा भाग दुपारपासूनच्या पुसण्यानं होळीच्या पिचकारीसारखा रंगीत झाला होता. "फुंक की लेका, वाट कसली बघतो? पोटातनं फुंक." मच्छिंद्रच्या पोटातनं काही तरी वर आलं खरं, पण ती फुंकर नव्हती.

न्हावऱ्याच्या अलीकडं, उसाच्या दोन फडांच्या मधल्या रस्त्यावर पोलिसांनी लोखंडी कठडे आडवे टाकले होते. धुळवडीच्या दिवशी शिरूर-दौंडच्या पट्ट्यात सरळ जाणारी वस्तू एकच, ती म्हणजे रस्ता, आणि तोही जागोजाग वळतो. त्यामुळं पोलीस येईल त्याला थांबवत होते. मच्छिंद्रची बस रांजणगावच्या एका कारखान्याची पहिली पाळी घेऊन दौंडकडं निघालेली. रंगात बुचकळून काढलेल्या मोटारसायकलींच्या मागं ती उभी राहिली तेव्हा त्याला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं. का वाटावं? मच्छिंद्र दारू पीत नाही ही गोष्ट त्याच्या गावात, कारेगावात, इतकी पक्की होती की वरातीत लोक आधी आपल्या गाड्यांच्या किल्ल्या त्याच्या खिशात टाकत आणि मग मांडवामागं जात. एका लग्नात त्याच्या खिशाला इतक्या किल्ल्या झाल्या की चालताना नंदीबैल आल्यागत आवाज येत होता म्हणे. सर्जेरावानं खिडकीतून कागद घेतले, बघितले, परत दिले, आणि पुढच्या गाडीकडं वळता वळता तो थबकला. त्याचं नाक हललं. आधी डावी नाकपुडी, मग उजवी. "खाली उतर," तो म्हणाला. आणि तेव्हा कुठं मच्छिंद्रच्या ध्यानात आलं, की आपल्या सदऱ्याला वास येतोय.

वास सदऱ्याला होता. दुपारी, पाळी आणायला निघायच्या तोंडावर, भामाबाईनं हाक मारली होती. भामाबाई त्याची बायको. धनगराच्या घरात मेंढरं संपली तरी दोनचार मागं ठेवावीत, नाही तर देव विचारतो, अशा मताची. तिच्या मेंढ्यांतली एक पहिलटकरीण अडली होती आणि कोकरू बाहेर आलं ते भिजलेल्या पिशवीसारखं, ना हालचाल, ना श्वास. "अवं बघत काय उभं राहिलाय? आबांचं औषध आणा," भामाबाई ओरडली. आबांचं औषध म्हणजे मेंढवाड्याच्या कोनाड्यातली हातभट्टीची बाटली. आबा म्हणजे मच्छिंद्रचा बाप मल्हारी. तो गेला, बाटली राहिली. घोटभर दारू तोंडात धरायची, गारठलेल्या कोकराच्या नाकपुड्यांवर फवारा मारायचा आणि छाती चोळायची: धनगरांच्या वाड्यावाड्यावर चालणारा हा इलाज. मल्हारीच्या फवाऱ्यानं मेलेलं कोकरू तर उठायचंच, पण एकदा शेजारी वाळत घातलेलं कातडंही उठून बसलं होतं, असं लोक सांगत. मच्छिंद्रनं हा इलाज आजवर दुसऱ्याच्या गळ्यात घातला होता. कधी मेव्हणा, कधी शेजारचा पोरगा. आज सगळे रंगात. मग त्यानं बाटली उघडली, श्वास धरला, जन्मात पहिल्यांदा तो घोट तोंडात घेतला आणि फवारा मारला. कोकरू शिंकलं, पाय झाडले, आणि बाटली लाथेसरशी त्याच्या छातीवर. कंपनीचा दुसरा सदरा दोरीवर ओला. ओल्या फडक्यानं पुसलं, चूळ भरली, निघाला. फवाऱ्यात जेवढी गेली तेवढी गेली. तोंडात राहिली ती...

"आरं ए! झोप लागली का?" सर्जेराव म्हणाला.

"सायेब, नळी बदला," मच्छिंद्र म्हणाला.

"काय बदला?"

"कोरी लावा. मी फुंकतो, न्हाई म्हणत न्हाई. पर ही धा जणांच्या तोंडातली हाय."

"मंग तुला काय चांदीची आणू? का सोन्याची?"

बसच्या खिडक्यांतून हसण्याची एक लाट आली. पाळी करून आलेली माणसं; दुसऱ्याची फजिती म्हणजे त्यांना चहाच. मच्छिंद्रला वाटलं, खाली बघावं. पण खाली नळी होती. कारखान्यात वर्षातून एकदा ड्रायव्हरांचा वर्ग भरे, गार खोलीत, पडद्यावर चित्रं लावून. तिथं सगळे ड्रायव्हर पोटभर झोपत आणि मच्छिंद्रही झोपे, पण गारव्यानं त्याला अधूनमधून जाग येई, आणि जेवढी जाग आली तेवढा कायदा त्याच्या डोक्यात राहिला होता. दर माणसाला कोरी नळी. यंत्रावरचा आकडा आपल्याला दाखवायचा. अटक केली तर दोन तासांत डॉक्टर. डॉक्टरनं रक्त घ्यायचं. मधले दुवे झोपेत गेलेले. दारूचा एक घोट कायद्यात बसतो की बाहेर पडतो, हेही तेव्हा सांगितलं असणार, पण त्या वेळी आपण जागे होतो की नव्हतो हे त्याला आठवेना.

"मला दोन तासांचा हक्क हाय," तो म्हणाला.

"कशाचा रं? झोपायचा?"

पुन्हा लाट. "ऐका रं, ऐका," सर्जेराव बसकडं तोंड करून म्हणाला, "ज्याला कायदा पाठ, त्याला बाटली पाठ. न पिणाऱ्याला कशाला लागतोय कायदा?" आणि मच्छिंद्रला दिसलं, की खिडकीत बसलेल्यांपैकी दोघांनी माना हलवल्या. नेहमीची माणसं. रोज ज्यांना दारात सोडायचं ती. कुणीतरी मोबाईल काढून त्याच्याकडं धरला होता. उद्या हे चित्र बसच्या ठेकेदाराकडं जाईल. ठेकेदाराचा नियम सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होता: दारूची एक केस, की किल्ली टेबलावर. लायसनही जाईल. या वयात दुसरी बस कोण देतो? पण ते सगळं नंतरचं. त्याच्याही आधी एक दुसरीच गोष्ट अडकून बसली होती: कारेगावात लोक म्हणतील, शेवटी मल्हारीचंच रक्त.

"बरं, नळी ऱ्हाऊ दे," सर्जेराव जवळ आला. "हा कर."

"काय?"

"तोंड उघड आन् हा कर. माझं नाक यंत्रापेक्षा तिखट हाय."

सर्जेरावाचं तोंड एक वीतभर अंतरावर आलं. त्यात मावा होता. चुना, सुपारी, तंबाखू यांचा तांबडा चिखल गालाच्या कोपऱ्यात मुरत ठेवलेला, दातांच्या फटींतून कडेला गाळ साचलेला. आणि त्या चिखलाच्या मागून येणारा श्वास, बंद डब्यात विसरलेल्या भाजीसारखा. हे तोंड आपल्या तोंडाची परीक्षा घेणार. मच्छिंद्रनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं, आणि उघडतानाच त्याला ओळख पटली. ही जागा त्याच्या ओळखीची होती. फक्त तेव्हा तो दुसऱ्या बाजूला उभा असे.

"जा, आबाच्या तोंडाचा वास घेऊन ये," असं त्याची आई गिताबाई म्हणायची. ती स्वतः जायची नाही. नवऱ्याच्या तोंडाशी नाक नेणं तिला कमीपणाचं वाटे. वाड्याच्या त्या टोकाला मल्हारी कांबळ्यावर पडलेला असे, मेंढरांच्या उबेला. सात-आठ वर्षांचा मच्छिंद्र जाऊन त्याच्या छातीशी वाके आणि म्हणे, "आबा, हा करा." आणि मल्हारी, आज्ञाधारक माणसासारखा, हा करी. कांदा, विडी, लोकर, आणि खाली, विहिरीच्या तळाशी असावं तसं, ते. मच्छिंद्र परत येऊन हो किंवा नाही सांगे आणि त्यावर त्या रात्रीच्या भाकरीचं भवितव्य ठरे. हळूहळू या नाकाची कीर्ती झाली. शेजारणी त्याला मागून नेऊ लागल्या: गिताबाई, जरा तुमचा मच्छिंद्र द्या की. हळदीकुंकवाला बाया नेतात तसा तो वाड्यावाड्यांवर नेला जाई, झोपलेल्या पुरुषांच्या तोंडांवर वाकून निकाल सांगे. घोडनदीच्या अलीकडल्या भट्टीची की पलीकडल्या, इतकंच नव्हे, तर भट्टीवाल्यानं त्या दिवशी गूळ कुजका घातला होता की चांगला, इथपर्यंत त्याला कळतं असं म्हणत. एका बाईचा नवरा मेला तेव्हाही आधी मच्छिंद्रला बोलावलं, आणि तो म्हणाला, न्हाई, आज घेतली न्हाई, आज नुसता मेलाय. हे खरं असो नसो, ती तोंडं खरी होती. उघडी, ओली, घोरणारी, कडेला लाळ वाळलेली, पडजिभा हलणारी. पुरुष म्हणजे आतून असा असतो, हे त्याला मिसरूड फुटायच्या आधी कळलं. तेव्हापासून तो कुणाच्या उष्ट्या पेल्याला शिवला नाही. तांब्या ओठाला न लावता वरून धार धरून पाणी प्यायचा, ते लोकांना सोवळेपणा वाटायचा. भामाबाईशी लग्न झालं तेव्हा पहिले कित्येक महिने तो भिंतीकडं तोंड करून झोपला. ती बिचारी आपलंच तोंड घासत राहिली, कडूलिंबानं.

आणि त्यातली सगळ्यात ओंगळ गोष्ट अशी, की प्यायलेला मल्हारी चांगला असे. न प्यायलेला मुका, दगडासारखा. आणि घोटभर पोटात गेली की त्याला वाचा फुटे, तो मच्छिंद्रला मांडीवर ओढी, मेंढ्यांची नावं, नद्यांची नावं, चाकणपासून पार कोकणापर्यंतच्या तळांची नावं सांगे आणि शेवटी पोराच्या गालाचा मुका घेई. ओला, मोठा. मच्छिंद्र तो पुसून टाकी. पण पुसायच्या आधी थोडा वेळ ठेवी.

"वास तर येतोय," सर्जेराव मागं सरकत म्हणाला. "आपल्याला काय, सरळ दिसतंय. चल, त्या पांढऱ्या पट्टीवरनं चाल."

"हे कायद्यात..."

"चाल!"

मच्छिंद्र चालला. रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून, पन्नाशीचा माणूस, पोलिसाच्या बोटासमोर, बसभर डोळ्यांसमोर. पट्टीवर कुणी तरी ओकलं होतं, आणि तेही गुलाबी. त्यानं त्यावरून पाय उचलून टाकला आणि बसमधून कुणी तरी म्हणालं, "गेला, गेला, झोकांडी गेली!" परतताना पुन्हा तेच: पाय उचलावा तर झोकांडी, पट्टी सोडावी तर तोल गेला म्हणणार, न सोडावी तर त्या घाणीत पाय. त्यानं पट्टी सोडली नाही. परत आला. "आता एका पायावर उभा ऱ्हा," सर्जेराव म्हणाला. आजूबाजूला दोनचार रंगलेले मोटारसायकलवाले जमले होते; खेळ आवडू लागला होता.

मच्छिंद्रनं डावा पाय उचलला आणि तळवा उजव्या गुडघ्याच्या वर टेकवला. त्यानं हे शोधून केलं नाही. ते आपोआप झालं. धनगर माणूस कळपामागं असाच उभा राहतो, काठीवर हनुवटी टेकून, एक पाय दुसऱ्यावर, तासन् तास. त्याच्या आजाच्या डोक्यावर अशा वेळी कावळ्यानं घरटं बांधलं होतं आणि अंडी फुटून पिल्लं उडेपर्यंत म्हातारा हललाच नाही, असं घरात सांगत. मच्छिंद्रच्या हातात काठी नव्हती, स्टिअरिंग धरून तीसेक वर्षं गेली होती, तरी शरीरानं ती जागा बरोबर शोधली. ऊन मानेवर आलं. उसाच्या फडातून वारा आला आणि मेंढ्यांच्या लोकरीचा वास आल्यासारखा झाला, तो बहुधा त्याच्याच हातांचा होता, कोकरू चोळलेल्या हातांचा. जमलेले लोक, सर्जेराव, बस, सगळं दूर गेलं. किती वेळ गेला कोण जाणे. सर्जेरावानं आधी हसून बघितलं, मग घड्याळाकडं, मग पुन्हा त्याच्याकडं. एका मोटारसायकलवाल्यानं तेच करून बघितलं आणि तो सरळ गटारात गेला.

"अण्णा, काठी देऊ का?" बसच्या दारातून आरिफ ओरडला. आरिफ दौंडचा, कारखान्यात फिटर, जिभेला हाड नसलेला. "सायेब, ह्यो संध्याकाळपातुर उतरायचा न्हाई बघा. खाली मेंढरं दिल्याबिगर ह्याचा पाय उतरत न्हाई!"

"उतर, उतर खाली," सर्जेराव चिडून म्हणाला, जणू मच्छिंद्र झाडावर चढला होता.

तेवढ्यात पोलिसांच्या जीपमधून फौजदार उतरल्या. तरण्या होत्या, पूनम असं नाव खिशावरच्या पट्टीवर. बोलणं शहरातलं, कपाळावर घाम, आणि दिवसभर प्यायलेल्या पुरुषांची तोंडं बघून चेहऱ्यावर जे येतं ते आलेलं. त्यांनी सर्जेरावाला विचारलं, काय आहे. सर्जेराव म्हणाला, वास येतोय आन् फुंकत न्हाई. मच्छिंद्र म्हणाला, फुंकतो, पर कोरी नळी पायजे.

"मामा, नीट ऐका," बाई म्हणाल्या. "कोरी नळी मागितलीत, बरोबर आहे, ती मिळेल. पण फुंकायलाच नकार दिलात तर तुम्हाला अटक करून दवाखान्यात न्यायचा मला अधिकार आहे. दोन तास म्हणता ते अटकेपासून. आत्तापासून नाही."

"नकार न्हाई, मॅडम."

"आणि ते एका पायाचं काय चाललं होतं, सर्जेराव? असलं कुठल्या कायद्यात आहे?"

"धुळवड हाय, मॅडम. जरा मजा."

बाईंनी यंत्राला लावलेली नळी पाहिली, पुसलेली पँट पाहिली आणि मान फिरवली. नळ्यांची पाकिटं दुपारीच संपली होती. शिरूरवरून एक शिपाई घेऊन निघाला होता. तो येईपर्यंत थांबा, बाई म्हणाल्या. मच्छिंद्र कठड्याशेजारच्या मैलाच्या दगडावर बसला, आणि त्याला वाटलं की आपण जिंकलो. मग त्याच्या मनात एक बारीक किडा वळवळला: थांबा म्हणजे काय? थांबा म्हणजे वेळ. वेळ जातो तशी दारू उतरते, हे त्या गार खोलीतल्या पडद्यावरही सांगितलं होतं आणि त्याच्या आधी त्याच्या आईनंही सांगितलं होतं. जेवढा उशीर नळीला, तेवढं ते यंत्र त्याच्या बाजूचं. मग ही नळी मागितली ती कशासाठी? त्या गुलाबी ओठांच्या किळसेनं, की...

ऊन उतरत नव्हतं. बसमध्ये माणसं उकडत होती. दोघं उतरले, रस्त्याकडं हात करत माणसं कोंबून नेणाऱ्या एका वडापच्या जीपला लटकले आणि जाताना त्याच्याकडं बघितलंही नाही. सोजरबाई खिडकीतून वाकल्या. कारखान्याच्या कँटीनमध्ये भाकरी थापायच्या, सगळ्यांच्या आत्याबाई.

"मच्छिंद्र, फुकून टाक की बाबा एकदाचं. आम्ही काय चुली फुकत न्हाई का? काय झिजतंय का तोंड?"

"आत्याबाई, नळी उष्टी हाय."

"उष्टी! घरात काय सगळं सोन्याच्या ताटात जेवतोस व्हय? माझी नात घरी एकली हाय. तुझ्या सोवळ्यापायी आमी हितं शिजायचं?"

"अण्णा, खरं सांगा," आरिफ दारात उकिडवा बसून खालच्या आवाजात म्हणाला. "थोडी घेतली असंल तर घेतली म्हना. आपलीच माणसं हाय आमी. धुळवडीला कोण घेत न्हाई? मी घेत न्हाई, आमच्यात चालत न्हाई, तरी मला बी आज वासानं चढलीय."

"घेतली न्हाई रं."

"मंग भीता कशाला?"

भीता कशाला. आरिफनं ते सहज म्हटलं आणि तो बाटलीतलं पाणी प्यायला लागला, ओठ लावून, गटागटा, घशाची गाठ वरखाली. मच्छिंद्रनं नजर काढून घेतली. उसाच्या बांधावर कुणी पत्रावळी टाकल्या होत्या, मटणाच्या. कुत्री हाडं ओढत होती. मैलाचा दगड खालून तापला होता. तो दुपारकडं परत गेला, नको असताना, जीभ दुखऱ्या दातावर जाते तसा. मेंढवाडा, कोकरू, बाटली. तोंडात घेतल्याबरोबर त्याला वाटलं होतं की आता ओकारी येणार. आयुष्यभर त्याची तयारी होती. ते सगळे पुरुष, उघडी तोंडं, त्यांच्या तळाशी असलेलं ते, आता आपल्या तोंडात आलं. आता सगळं बाहेर पडेल. आणि पडलं नाही. जीभ भाजली, गालांच्या आत ऊब पसरली, नाकामागं गुळाचा, जळक्या गुळाचा वास चढला, आणि तो वास घाण नव्हता. त्यानं फवारा मारला. कोकरू शिंकलं. बाटली छातीवर सांडली. आणि तोंडात जी राहिली होती, गालात, दाढांपाशी, ती थुंकायची होती. समोर मेंढवाड्याची माती होती, भामाबाई पाठमोरी होती, कोकराला लोकरीनं पुसत होती. थुंकायला काहीच अडचण नव्हती. त्यानं गिळली. चुकून नाही. थोडा वेळ ठेवून, मग गिळली. छातीत कुणी तरी दिवा सोडावा तशी ती खाली जात राहिली, आणि भामाबाई म्हणाली, "जगलं वं!" आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याला बोलावंसं वाटलं, खूप, कुणाशीही, नद्यांची नावं सांगावीशी वाटली. मग त्यानं चूळ भरली. एकदा नाही. तोंड सोलून निघेपर्यंत.

म्हणजे प्यायलाच. एक घोट, अर्धा घोट, गालातला, पण प्यायला. आणि आता इथं दगडावर बसून कोरी नळी मागतोय, हक्कानं. मच्छिंद्रला आपल्या तोंडाची किळस आली. सर्जेरावाच्या तोंडाची आली त्याहून वाईट, कारण त्या तोंडापासून मागं सरकता येत होतं. यंत्रावर काय येईल, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. आकडा आला तर किल्ली टेबलावर. आकडा आला तर बसभर लोक म्हणतील, बघा, म्हणून कायदा सांगत होता. आणि खरंच म्हणतील. त्याला वाटलं, शिपाई येऊच नये. आणि पुन्हा वाटलं, लवकर यावा, आत्ता, ते खाली गेलेलं अजून आत आहे तोवर. कोणाला सांगावं? भामाबाईला? ती हसेल. म्हणेल, एवढंच ना, औषधच ते. नाही, हसणारच नाही. त्याच्या तोंडाकडं बघेल.

शिपाई आला. पाकिटांचा एक पुडा फौजदारबाईंच्या हातात दिला. त्यांनी एक पाकीट मच्छिंद्रसमोर फोडलं, टर्रकन, त्याला दिसेल असं धरून, आणि नळी स्वतः न शिवता पाकिटातूनच यंत्राला लावली. पांढरी, कोरडी, कुणाच्याही तोंडची नसलेली. "फुंका, मामा. सलग. मी थांब म्हणेपर्यंत."

त्यानं ओठ टेकवले. नळीला कसलीच चव नव्हती. जगातली इतकी स्वच्छ वस्तू आपल्या ओठांना आजवर लागली नसेल असं त्याला वाटलं, आणि आपण ती घाण करतोय असंही. तो फुंकत राहिला. पोटातनं. डोळ्यांपुढं काजवे चमकले. सोजरबाईंनी देवाचं नाव घेतलं, ते त्याला ऐकू आलं. यंत्रानं टीं केलं.

बाईंनी आकडा पाहिला, आणि यंत्र त्याच्याकडं फिरवलं. "हे बघा. हाही तुमचा हक्क. शून्य."

मच्छिंद्रनं वाकून तो आकडा पुन्हा वाचला.

"शून्य?" सर्जेराव पुढं आला. त्यानं यंत्र हलवलं, कानाशी नेलं. "आन् मंग वास?"

"सदऱ्याला," मच्छिंद्र म्हणाला. "कोकरू झालं आज. दारू सांडली."

"मंग आधीच बोलायचं की लेका! एवढा तमाशा लावला. आन् फुंकायला काय झालं व्हतं मघाशीच? शून्यच यायचं व्हतं तर?"

बसमधून कुणी शिट्टी मारली. "सुटले, सुटले अण्णा!" "चला, चला आता, स्टार्टर मारा!" आरिफनं दारातून उडी मारून त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि कानाशी तोंड आणलं. "अण्णा, ह्या येळेला मानलं. तास काढला निव्वळ नळीवर! आमाला बी शिकवा की ही सेटिंग."

मच्छिंद्रनं खांदा सोडवून घेतला. तो फौजदारबाईंच्या मागं गेला. त्या दुसऱ्या गाडीकडं निघाल्या होत्या.

"मॅडम."

"काय राहिलं?"

"रक्त घ्या माझं."

बाई थांबल्या. त्यांना वाटलं असावं की ऐकण्यात काही चुकलं. "कशाला?"

"यंत्राला कळलं न्हाई. दवाखान्यात न्या, रक्त काढा. रक्तात कळतंय. माझा हक्क हाय."

"मामा," त्या हळू, जरा थकून म्हणाल्या, "तो हक्क अटक झालेल्याचा आहे. शून्य आलेल्याला मी अटक करू शकत नाही."

"आन् प्यायलो असलो तर?"

बाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. दिवसभर लोक त्यांना सांगत आले होते, नाही घेतली, आईशप्पथ नाही घेतली. "कायद्याच्या हिशेबानं तुम्ही प्यायला नाहीत," त्या म्हणाल्या. "जा. मागं रांग लागलीय."

तो गाडीवर चढला. सोजरबाई म्हणाल्या, "आता नीट चालव बाबा," आणि मागं कुणी तरी हसलं. त्यानं गिअर टाकला, कठड्यांच्या मधून बस काढली, आणि रस्ता लागल्यावर खिडकीतून मान बाहेर काढून थुंकला. थुंकी पांढरी होती, साधी. पारगावचा पूल येईपर्यंत तो पुन:पुन्हा थुंकत राहिला, आणि मागं आरिफ सगळ्यांना रंगवून रंगवून सांगत होता, अण्णानं पोलिसाला कसा बनवला ते. पुलावर आल्यावर मच्छिंद्रनं थुंकणं थांबवलं. तोंड मिटून घेतलं. आणि जीभ, त्याला न विचारता, दाढांच्या मागं गेली, गालाच्या खोबणीत, आणि तिथं काही उरलंय का ते चाचपू लागली.